आडव्या बाटलीचं माहेरपण

द्राक्षं विकत घेताना मी जरा तोऱ्यातच असते. लग्न होऊन नाशकात आले त्याला आता बरीच वर्षं झाली, अंबडच्या कारखान्यांचे भोंगे अंगवळणी पडले, पण फेब्रुवारीत हातगाड्या हिरव्यागार झाल्या की माझ्यातली पिंपळगावकडची पोर जागी होते. एक मणी तोंडात टाकायचा, घडाचा देठ निरखायचा आणि गाडीवाल्याला सांगायचं, की ही बाग घाईने उतरवली, अजून आठ दिवस वेलीवर राहायला हवी होती. गाडीवाला माझ्याकडे दुर्लक्ष करतो आणि तेच बरोबर आहे. मग मी मुकाट्याने किलोभर घेते, घरी येते आणि असली द्राक्षं आमच्याकडे कुणी तोंडात धरत नाही, असं नवऱ्याला ऐकवते. त्याने हे इतक्या वेळा ऐकलंय की तो आता नुसती मान डोलावतो आणि खात राहतो.

यंदाच्या हंगामाने मात्र सोबत एक काम आणलं. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी हिराआत्याचा सत्कार ठरवला. हिराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान जिच्यामुळे बंद झालं ती. तिला शाल-श्रीफळ द्यायचं आणि चार शब्द मी बोलायचे. मी शाळेत शिकवते, म्हणजे मला बोलता येतं, असा गावाचा गोड गैरसमज आहे. आमच्या मुख्याध्यापकांना हे कळलं तेव्हा त्यांनी सल्ला दिला, की भाषणात एखादं परदेशी उदाहरण घाला, वजन येतं.

म्हणून मोबाईलवर शोधत बसले आणि स्कॉटलंडमधली एक बाई सापडली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. गळ्यापर्यंत बंद झगा, डोक्यावर टोपी, आणि चेहरा असा की समोरच्याने ग्लासाकडे गेलेला हात आपोआप मागे घ्यावा. दारूविरुद्ध बायका जमवायच्या, गावोगाव सभा घ्यायच्या, हेच तिने जन्मभर केलं. तिच्यासारख्या बायका तिकडे नुसतं 'पिऊ नका' म्हणून थांबल्या नाहीत. पुरुषांना संध्याकाळी बसायला दुसरी जागा हवी, म्हणून चहाची दुकानंही निघाली. पुढे तिथे कायदा आला, की आपल्या भागात दारूची दुकानं हवीत की नकोत हे लोकांनी मत देऊन ठरवावं. इथे मी वाचता वाचता थांबले. चहाची टपरी तर आमच्या हिराआत्याचीही होती, आणि तसलं मत मी स्वतः दिलं होतं. त्या स्कॉटिश बाईच्या घरच्यांबद्दल मात्र दोनच ओळी होत्या. तिला भाऊ होता का, तो पीत होता का, त्याची बायको काय म्हणत होती, काही नाही. थोर बायकांच्या माहितीत भावजयांना जागा नसते.

मला तो मतदानाचा हंगाम आठवला.

आठवतो म्हणजे आधी वासच येतो. पहाटेच्या दवाने भिजलेली बागेतली माती, क्रेटच्या तळाशी चिरडलेल्या मण्यांचा आंबूस गोडपणा, आणि महामार्गावरून कांद्याचे ट्रक गेले की मागे रेंगाळणारी उग्र झुळूक. हंगामात आमच्या गावात कुणाला कुणाशी धड बोलायला वेळ नसतो. बायका साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळतात आणि उजाडायला टेम्पोत बसतात. मग दिवसभर मांडवाखाली मान वर करून घड कापायचे. आई म्हणायची, मान वर करताना काही वाटत नाही, संध्याकाळी खाली घेताना दुखते.

हिराआत्या अशाच एका टोळीची मुकादम होती. तरुणपणी नवरा तापाने गेला, ती सिन्नरकडून माहेरी आली आणि आमच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिली. आधी बागांमधून राबली, मग स्वतःची टोळी जमवली, आणि गुडघे बोलायला लागल्यावर पॅकहाऊसच्या फाटकापाशी चहाची टपरी टाकली. टोळी सुटली नाही ती नाहीच. कोणत्या बाईने कोणत्या बागेत जायचं हे टपरीवरूनच ठरायचं. 'चळवळ' हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही; ती 'दुकानाचं काम' म्हणायची. पिणाऱ्यांचा तिला राग नव्हता. सकाळी लाल डोळ्यांनी आलेल्या माणसाला ती कडक चहा द्यायची, वर एक ठेवणीतली शिवी द्यायची आणि कामाला लावायची.

दुकान एसटी स्टँडच्या मागे होतं, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. दुकानदार काही राक्षस नव्हता. परवाना सरकारी, बोलणं हात जोडून, आणि गणपतीला सगळ्यांत मोठी वर्गणी त्याची. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, त्याचं रोजचं गिऱ्हाईक होते.

नानांबद्दल लिहिताना हात अडखळतो. ते पिऊन मारझोड करणारे असते तर सोपं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. नाना पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला किती वेळ सोडायचं ते बघायचे. पाण्यावरून भांडणाऱ्या दोघांना शांत करणं हा त्यांचा हातखंडा. संध्याकाळी काम आटोपलं की पाय दुकानाकडे वळायचे. पिऊन आले की ते अधिकच मऊ व्हायचे, दिसेल त्याची माफी मागायचे, अंगणातल्या कुत्र्याचीसुद्धा, आणि न जेवता झोपायचे. हात थरथरायला लागले होते, डोळे पिवळट झाले होते. पिंपळगावच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत. मला त्यांची लाज वाटायची आणि ते मला फार आवडायचे, दोन्ही एकाच वेळी.

आपल्याकडचा कायदा असा आहे, की गावातलं दुकान बंद करायचं असेल तर आधी गावातल्या बायकांपैकी चौथा हिस्सा बायकांनी सह्या करून अर्ज द्यायचा. सह्यांची पडताळणी झाली की मतदान, तेही फक्त बायकांचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान राहू दे म्हणणाऱ्यांनी उभीवर शिक्का मारायचा, नको म्हणणाऱ्यांनी आडवीवर. हिराआत्याने सह्या बागांमधूनच गोळा केल्या, दुपारच्या भाकरीच्या वेळी. आईने मात्र सही केली नाही. हात चिकट आहेत, मग करते, असं म्हणाली, आणि ते 'मग' काही आलं नाही. आपल्या नवऱ्याचं नाव गावाच्या चव्हाट्यावर नको म्हणून असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. हिराआत्याने तिला एका शब्दाने विचारलं नाही. सह्या पुरल्या, साहेब लोक येऊन पडताळून गेले, आणि मतदानाचा दिवस ठरला तो नेमका द्राक्षांच्या ऐन उतरणीतला.

आत्याची चूक झाली ती मतदारांच्या यादीत. तिला वाटलं होतं, जेवढ्या बायका येतील त्यांच्यातल्या जास्त आपल्या असल्या की झालं. मग कळलं, की यादीत जेवढ्या बायका आहेत त्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. जी येणार नाही ती आपोआप उभीच्या पारड्यात. अंगणवाडीच्या बाईंनी टपरीवर बसून यादी वाचून दाखवली आणि आत्याच्या हातातली किटली खाली आली. गावातल्या नव्या सुना घरात होत्या पण यादीत नव्हत्या. लग्न होऊन गेलेल्या मुली यादीत होत्या पण घरात नव्हत्या, कारण लग्नानंतर नाव कमी करायला जातंय कोण. माझंही नाव होतं. आणि मेलेल्या बायकाही होत्या. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, जाऊन सहा वर्षं झाली होती, ती यादीत ठणठणीत होती.

"आता माझी मेलेली आईबी दुकानदाराच्याच बाजूची," आत्या म्हणाली म्हणे.

गेलेल्यांना आणता येत नव्हतं, तेव्हा सासरी दिलेल्या लेकींना आणायचं ठरलं. आमच्या गावाकडे तेव्हा लेक आपली आपण उठून माहेरी येत नसे. बाप किंवा भाऊ तिला आणायला जायचा. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. दिवाळीला, पंचमीला मुऱ्हाळी येतो हे सासरी सगळ्यांना माहीत असतं, पण फेब्रुवारीत कसला सण? शिवाय लेक आली की पाठवणीला साडी आलीच, यावरून घराघरात कुरबुर सुरू झाली. आत्याने टपरीवरूनच निकाल दिला: एक ब्लाउजपीस आणि एक द्राक्षाची पेटी, साडी दिवाळीला. ज्यांचे भाऊ स्वतःच दुकानाचे भक्त होते, त्यांच्या बहिणींकडे आत्या आपली बरी साडी नेसून स्वतः मुऱ्हाळी म्हणून गेली. बाईमाणूस मुऱ्हाळी आलेली बघून निफाडकडच्या एका व्याह्याने तिला ओसरीतच बसवून ठेवलं. ती उठली नाही. दुपार टळली तेव्हा त्याने सुनेला पिशवी भरायला सांगितलं.

मी वाट बघत नव्हते. माझ्या घरी कोण येणार? भाऊ नाही, आणि नाना आले तर कोणत्या अवस्थेत येतील, कुणास ठाऊक.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी दारात नाना उभे. गुळगुळीत दाढी, माझ्या लग्नातला पांढरा सदरा, हातात द्राक्षांची पिशवी. शुद्धीत. खुर्चीच्या कडेवर बसले, चहाची बशी दोन्ही हातांनी धरली आणि तरीही ती वाजत होती. सासूबाईंनी विचारलं, काय कार्य काढलंत? नाना म्हणाले, मतदान आहे. सासूबाईंना आणखी काही विचारायचं होतं, पण त्या बशीकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, जाऊन ये.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. आडगाव मागे पडलं. मग नाना समोरच्या सीटकडे बघत म्हणाले, "पाच मिनटावर हाय म्हनून पाय जातात, पोरी. सोडायला लय बघितलं, मला जमत नाय. लांब गेलं तर पायच कंटाळतील." आणि पुढे म्हणाले, "यात मला मत नाय. तुला हाय."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि पिंपळगाव येईपर्यंत रडले. बापाने आपल्याकडे काही मागावं अशी वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाही बागेत कात्री चालली नाही. आत्याने सगळ्या टोळ्या थांबवल्या होत्या. बागायतदार चरफडले, पण त्यांना पुढच्या आठवड्यातही त्याच बायका लागणार होत्या. शाळेच्या दोन खोल्यांत मतदान होतं आणि पटांगणात माहेरपण. कडेवर पोरं, कुणाच्या सासूची गाऱ्हाणी, कुणाला कितवा महिना याची चौकशी. वर्षानुवर्षांत न भेटलेल्या वर्गमैत्रिणी मला रांगेत भेटल्या. आई माझ्या पुढे दोन बायका सोडून होती. ती आत गेली, शाई लावलेलं बोट पदरात धरून बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता घरी गेली.

आत गेल्यावर माझाच हात थांबला. गावातलं दुकान गेलं तर पुढचं दुकान महामार्गाच्या फाट्यावर, तीन किलोमीटर. तो रस्ता मला दिसला, दिवेलागणीचा, ट्रकचा, आणि कडेने येणारे नाना. त्या दोन बाटल्यांकडे बघत मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. बाहेरचे साहेब खाकरले. मला एसटीतलं बोलणं आठवलं आणि मी आडवीवर शिक्का मारला.

त्याच संध्याकाळी मोजणी झाली. आडवी बाटली जिंकली, पण अगदी थोडक्यात; सासरहून आलेल्या लेकी नसत्या तर हरली असती. कुणी गुलाल उधळला नाही. हिराआत्या शाळेच्या पायरीवर बसली आणि मला कुणीतरी चहा करून द्या म्हणाली. चहा आला तेव्हा पाणचट आहे म्हणून कुरकुरली. मी घरी आले तर नाना अंगणात बसले होते. झालं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं.

सगळं गाव सुधारलं, असं भाषणात म्हणता येईल, लिहिताना म्हणवत नाही. काहींनी मोटरसायकलला किक मारली आणि फाटा गाठला. फाट्यावरून कुणाच्या पिशवीत काय येतं हे आत्याला ठाऊक असायचं. पण सकाळी टपरीवर लाल डोळे कमी झाले. नाना पहिले दोनेक महिने फाट्यावर चालत जायचे, मग जायचे थांबले. त्यांना चालायचा कंटाळा, हे गावात सर्वांना माहीत. "माझ्या भावाचा आळस मला ठाऊक होता, म्हनून तर दुकान लांब घालवलं," असं आत्या सगळ्यांना सांगायची. नानाही हसायचे आणि कबूल करायचे, की आळसाने वाचलो. ते पुढे बरीच वर्षं जगले, माझ्या मुलाला त्यांनी पोहायला शिकवलं, आणि तीन वर्षांपूर्वी दुपारच्या झोपेत गेले. पाटकऱ्याचा आळस ही आमच्या घरातली लाडकी गोष्ट झाली होती. भाषणात ती मी सुरुवातीलाच घातली.

मागच्या रविवारी भाषणाचा कागद घेऊन गावी गेले. आई पडवीत बसून बेदाण्यासाठी मणी निवडत होती. मी तिला कागद वाचून दाखवला. स्कॉटलंडची बाई तिला आवडली, टोपीसकट. आळसाची गोष्ट आली तेव्हा मी हसण्यासाठी थांबले, पण आई हसली नाही.

"आळस नव्हता त्यो," ती म्हणाली.

मग मणी निवडता निवडता तिने सांगितलं. आवाज नेहमीचाच, उद्या पाणी यायचंय हे सांगावं तसा. त्या दिवशी शाळेत तिने शिक्का उभ्या बाटलीवर मारला होता. दुकान पाच मिनिटांवर असलं की निदान माणूस डोळ्यासमोर असतो. फाट्यावर गेला आणि ट्रकखाली आला तर काय, एवढंच तेव्हा तिला दिसत होतं. सही केली नाही तीही त्याचसाठी. मला तो रस्ता आठवला, मतपत्रिकेसमोर मला दिसलेला. आम्ही दोघी एकाच गोष्टीला भ्यालो होतो आणि दोन वेगळ्या चित्रांवर शिक्के मारून आलो होतो.

दुकान बंद झालं आणि नाना फाट्याकडे चालायला लागले. तेव्हा आई बागेतून आली की भाकरी टाकायची आणि अर्ध्या रस्त्यावर ओढ्याची मोरी, म्हणजे छोटा पूल आहे, तिच्या कठड्यावर जाऊन बसायची. नाना समोरून जायचे. ती त्यांना अडवायची नाही. परत आले की उठायची आणि चार पावलं मागे राहून, ट्रकच्या बाजूने, घरापर्यंत यायची. घरी आल्यावरही त्याचा विषय नाही. असे दोन महिने गेले. एक दिवस नाना मोरीपर्यंत आले, उभे राहिले आणि तिच्या शेजारी बसले. ओढ्यात पाणी नव्हतं, तरी बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, चल घरी, भाकरी गार होतील. त्यानंतर ते फाट्यावर गेले नाहीत.

तू हे कधी बोलली का नाहीस, असं मी विचारलं. त्यात काय बोलायचं, असं तिने उलट मलाच विचारलं. मी म्हटलं, आता भाषणात हेच सांगते, सत्कार तुझाही व्हायला हवा. मला खरंच राग आला होता, आत्याचा नाही, आम्ही इतकी वर्षं खुशाल हसत राहिलो त्याचा.

आईने मण्यांचं ताट बाजूला ठेवलं. "हिराताईला शिक्क्याचं सांगू नको. चुकले ती मी. दुकान गावात होतं तवा त्याच्या दारात जाऊन बसले असते, तर सगळं गाव जमलं असतं, ह्यांना मान वर करता आली नसती. हिराताईनं रस्ता लांब केला, म्हनून मला मधी बसायला जागा झाली."